शनिवार केव्हा सुरू होतो

पंचांग काशीला छापलेलं.
इथे लंबासाला पोचतं पोस्टाने, नाहीतर कुणाच्या बॅगेतून,
लोणच्याच्या बरणीचं तेल पिऊन.
फिजीसाठी मी प्रत्येक वेळ पुढे सरकवते: साडेसहा तास.
तिथे पहाटे पावणेपाचला उठून गेलेली एकादशी
इथे सव्वाअकरापर्यंत ओसरीवर बसून असते
आणि कुंपणापलीकडून मुनिअम्मा विचारते,
मग आज भात टाकू की नको?

तिला राहुकाळही हवा असतो, मिनिटांसकट.
सूर्योदय ते सूर्यास्त, भागिले आठ.
डिसेंबरात तिकडे दिवस आखडतो, इकडे ताणतो,
आमचा राहू नव्याण्णव मिनिटं खातो.
महाग पडतो गं हा देश, म्हणते मुनिअम्मा.

पणजोबा बिसेसर आले तेव्हा पोथी नव्हती.
जहाजावर बाहत्तर दिवस, त्यांतले कितीतरी ढगांचे.
एकाने फळीवर खुणा कोरल्या, दुसऱ्याने सुतळीला गाठी मारल्या,
आणि किनाऱ्यावर उतरले तर खुणा नि गाठी जुळेनात.
दोन दिवसांचा फरक, त्यावरून हाणामारी.
मिटवली ती चंद्राने.
अर्ध्या चंद्राला खोटं कोण पाडणार?
तिथी सापडली. नक्षत्रंही सापडली,
फक्त मृग उलटा टांगलेला होता.
पण वार?
वार आकाशात लिहिलेला नसतो.
तो सांगितला ऊसमळ्यावरच्या गोऱ्याने, ज्याला सगळे कुलंबर म्हणत:
आज शिधा वाटायचा, म्हणजे शनिवार.
पाच अंगांतलं एक अंग आम्ही कुलंबरच्या हातून घेतलं.
हे मी यजमानांना सांगत नाही.

परवा विमलेश आला, माझा भाचा,
टोपी काढून, उंबऱ्याच्या बाहेरच उभा.
लॉरी घेतली होती, तिसऱ्या हाताची, हिरवी,
डाव्या दाराला दोरी.
गिरणीचं पहिलं टोकन मिळालं: शनिवार, पहाटे पाच.
मौसी, बायको म्हणते शनिवारी लोखंड बाहेर काढायचं नाही.
टोकन बदललं तर आठवडा जातो,
कापलेला ऊस वाळतो, वजन उतरतं,
आणि बँक काही वार बघत नाही.

जोसेवा चुलीजवळ चहा पीत होता.
तो म्हणाला, आमचा शनिवार तर शुक्रवारी सूर्य बुडाला की लागतो.
मी लॉरीला हात लावणार नाही. प्रार्थना करीन, लांबून.
विमलेशने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी वही काढली. वडिलांची, कोपरे उंदरांनी कुरतडलेले.
गिरणीचा शनिवार मध्यरात्री,
जोसेवाचा त्याच्याही आधी,
माझा सूर्य डोंगरावर आल्यावर, सहा एकतीसला.
तोवर शुक्रवारच.
शुक्रवारच्या रात्रीचे आठ भाग केले.
सातवा भाग चर, वाहनाला चांगला:
तीन वीस ते चार पंचावन्न. पुढे रोग.
मी पुन्हा बेरीज केली, कारण इतकं सोपं उत्तर आलं
की मला माझाच संशय येतो.
वडील म्हणायचे, मुहूर्त बनवायचा नाही,
पण शोधायला बसलीस
तर दारात उभ्या असलेल्याच्या बाजूने शोध.

चारला बॅटरी धरून उभे होतो आम्ही.
सुनेने चाकाखाली लिंबू ठेवला,
तो घरंगळून गटारात गेला, दुसरा आणला.
इंजिन तिसऱ्यांदा लागलं.
जोसेवा त्याच्या ओट्यावर, डोळे मिटून,
पण दिवा गेटाबाहेर पडेपर्यंत
एक डोळा उघडा होता, मी पाहिला.

चार अठ्ठावीस. वहीत लिहून ठेवलं.

रांगेत विमलेशचा नंबर एकेचाळीस लागला.
मग गिरणीचा पट्टा तुटला.
लॉरी रिकामी होऊन परत आली
तेव्हा सूर्य बुडाला होता,
आणि जोसेवा दोरी सोडून दार दुरुस्त करायला
पाना घेऊन आला,
म्हणाला, माझा रविवार लागला.